खिडकीलगतची फळी

“हळू घ्या. फळी फुटली तर पुरावा फुटला,” इंजिनियर बाई खालून म्हणाल्या.

परांचीवर चढलेला सुतार दुसऱ्या गावाहून आणलेला होता. मुद्दामच, इथल्या कुणाशी त्याची ओळखपाळख नको म्हणून. त्याने वरच्या मजल्याच्या फळीखाली कटावणीचं टोक सरकवलं आणि दांड्यावर भार दिला. खिळा कुरकुरला. अंगणात उभ्या असलेल्या तपासनीस साहेबांनी मान वर केली. एकतीस वर्षांच्या नोकरीत असे किती खिळे त्यांनी लोकांना उपसायला लावले होते, आणि घाम दर वेळी समोरच्याला फुटला होता. आज पाळी त्यांची होती.

घर एका पोस्टमनचं. सगळी हयात पायांवर काढलेला माणूस, आणि नेमके त्याचेच पाय गेले. पक्षाघाताने अंगाची एक बाजू लुळी पडली, तेव्हापासून तो वरच्या खोलीत पलंगावर होता. खाली त्याची बायको शिवणकाम करायची. सगळी गल्ली तिला ताई म्हणायची. वरच्या खोलीच्या भिंतीला ओल यायची आणि ती त्याच्या छातीला बाधायची. म्हणून मागच्या वर्षी ताईंनी, हौस म्हणून नव्हे, गरज म्हणून, सगळ्या घराला बाहेरून लाकडी फळ्या लावून घेतल्या. तीन आठवड्यांपूर्वी भर दुपारी, गल्लीकडच्या भिंतीशी चार्जिंगला लावलेल्या ताईंच्या बॅटरीच्या स्कूटरने पेट घेतला. मशीनवर बसलेल्या ताईंना धुराचा वास येईपर्यंत आग फळ्यांच्या मागून वर पोचली होती. ज्या खोलीत ओल येऊ नये म्हणून एवढा खटाटोप केला, त्याच खोलीत पोस्टमन गुदमरून गेला.

आता यातली ग्यानबाची मेख काय, ते सांगायला हवं. घराला बाहेरून फळी लावतात ती भिंतीला चिकटवून लावत नाहीत. मध्ये उभ्या पट्ट्या ठोकून बोटभर फट ठेवतात, म्हणजे वारा खेळतो, आत शिरलेलं पाणी वाळतं आणि लाकूड कुजत नाही. पण जी वाट वाऱ्याला, तीच आगीला. खाली पेटलं की ज्वाळा त्या फटीतून धुराड्यातल्यासारखी वर चढते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला फळी जशीच्या तशी दिसते. म्हणून बांधकामाचा नियम सांगतो की दोन मजल्यांच्या सांध्यावर फटीत एक खास पट्टी बसवा. एरवी ती वारा जाऊ देते. उष्णता लागली की फुगते आणि फट बंद करते. अर्धा तास तरी आग खालच्या खाली अडते. पोस्टमनला बाहेर काढायला बंबवाल्यांना सतरा मिनिटं लागली होती.

पट्टी होती की नव्हती, एवढंच चौकशीला ठरवायचं होतं. गल्लीकडची भिंत काही सांगणार नव्हती. बंबवाल्यांनी तिथल्या फळ्या ओढून खाली पाडल्या होत्या आणि त्यांचा कोळसा झाला होता. मागची भिंत मात्र शाबूत राहिली होती. ती उघडायची, तिथे पट्टी निघाली तर सगळीकडे होती असं धरायचं, असं इंजिनियर बाईंनी ठरवलं. बाई दीड वर्षापूर्वी बदलून आलेल्या, साहेबांच्या मुलीच्या वयाच्या आणि साहेबांच्याच वरच्या.

एक गोष्ट मात्र अजून कुणी विचारलीच नव्हती. तपासणीच्या पत्रकावर ‘वरचा मजला प्रत्यक्ष पाहिला’ या ओळीपुढे साहेबांच्या हातची खूण होती, आणि साहेब त्या दिवशी वर गेलेच नव्हते.

हे काम साहेबांच्या हातून व्हावं, यावर गावातल्या एकाही सुताराने विश्वास ठेवला नसता. साहेबांचं टोपणनाव होतं वीतसाहेब. पावसाचं पाणी जमिनीवरून उडून लाकडाला लागतं, म्हणून सगळ्यात खालची फळी जमिनीपासून वीतभर वर हवी, असा नियम. साहेब टेप काढायचेच नाहीत. खाली उकिडवे बसून स्वतःची वीत लावायचे. त्यांची वीत आणि टेप यांत कधी केसाचा फरक निघाला नाही. एकदा एका बड्या ठेकेदाराची फळी दोन बोटं खाली आली होती. त्याने आधी हसून पाहिलं, मग ओळखी सांगून पाहिल्या, मग आवाज चढवून पाहिला. साहेबांनी घराच्या चारही बाजूंची खालची रांग करवतीने कापून घेतली आणि मगच सही केली. तेव्हापासून सुतार मंडळी म्हणायची, “देव एक वेळ माफ करेल, वीतसाहेब नाही करायचे.” साहेबांच्या कानावर ते जायचं आणि त्यांना ते मनातून आवडायचं.

एवढ्या वर्षांत एक रीत पडून गेली होती. फळ्या लागल्या की मागचं काही दिसत नाही. म्हणून सुतार तपासणीपुरती एक फळी न ठोकता नुसती अडकवून ठेवायचे. साहेब येणार, ती फळी काढणार, आत हात घालून फट, पट्टी, भिंतीवरचा ओल अडवणारा कागद, खिळे चाचपणार आणि मग ‘ठोका’ म्हणणार. तिला सगळे साहेबांची फळीच म्हणायचे. दुमजली घर असेल तर अशा फळ्या दोन, एक खाली आणि एक वर.

मग गुडघा गेला. एका दिवसात नव्हे. कुठलीच चांगली गोष्ट एका दिवसात जात नाही. आधी शिडीच्या शेवटच्या पायरीवर कळ यायची. मग पहिल्याच पायरीवर यायला लागली. डॉक्टर म्हणाले, चढउतार बंद करा. साहेबांनी ते ऑफिसात सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसवून फायलींना दोऱ्या बांधायला लावलं असतं, आणि गावभर झालं असतं की वीतसाहेब बसले. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. ते नाव त्यांना पायापेक्षा मोलाचं होतं.

तेव्हापासून साहेब खालची फळी पूर्वीसारखीच डोळ्यांत तेल घालून बघायचे आणि वरच्या फळीकडे मान वर करून विचारायचे, “वरही असंच ना, मिस्त्री?”

“असंच आहे, साहेब.”

“ठोका मग.”

पोस्टमनच्या घराचे मिस्त्री म्हणजे तर बावीस वर्षांचा घरोबा. खिळा गंजणारा निघाला तर स्वतःहून परत करणारा माणूस. त्यांच्या कामात साहेबांनी वीत लावायची ती नुसती सवय म्हणून. अशा माणसाला खालून विचारलं काय आणि वर जाऊन पाहिलं काय, असं साहेबांना त्या दिवशी वाटलं होतं. तो गुडघा सुजून टम्म झालेला दिवस होता.

आज सकाळी निघताना बायको त्यांच्या बुटांची नाडी बांधायला खाली बसली. गुडघा वाकत नाही हे घरात फक्त तिला ठाऊक.

“विचारतील तेवढंच बोला,” ती म्हणाली. “निवृत्तीला चार महिने राहिलेत. आपणहून अंगाला लावून घेऊ नका.”

“आणि पट्टी नाही निघाली तर?”

“तर मिस्त्री आहेत की. लावायची त्यांनी, तुम्ही का?” तिने नाडीची गाठ घट्ट ओढली. “झाकली मूठ सव्वा लाखाची. एवढं माझं ऐका.”

ती वाईट बाई नव्हती. तिला नवऱ्याची लाज जाताना बघायची नव्हती, इतकंच.

“आली,” वरून सुतार म्हणाला. फळी त्याने अलगद खाली दिली, मग दुसरी, मग तिसरी. इंजिनियर बाई स्वतः परांचीवर चढल्या. अंगणात साहेब, मिस्त्री आणि ताई असे तिघे तीन कोपऱ्यांत उभे होते. मिस्त्रींनी आल्यापासून साहेबांकडे पाहिलं नव्हतं. ताई नळाजवळच्या दगडी ओट्यावर बसल्या होत्या. हातावरची पट्टी अजून सुटली नव्हती. आग लागलेल्या दिवशी तापलेले खिडकीचे गज त्यांनी दोन्ही हातांनी ओढले होते.

बाईंनी फटीत विजेरी मारली, मग हात घातला. साहेबांना तो हात दिसत होता. मनगटापर्यंत आत गेला, डावीकडे सरकला आणि थांबला.

“आहे,” बाई म्हणाल्या. “पट्टी आहे. सांध्यावर बरोबर बसवलीय. समोर फटही सोडलीय.” त्यांनी फोटो काढले, पट्टीला टेप लावून पुन्हा काढले. “काम चोख आहे, मिस्त्री.”

साहेबांचा जीव भांड्यात पडला. खरंच सांगायचं तर त्या क्षणी त्यांना पोस्टमन आठवला नाही, ताई आठवल्या नाहीत. आठवलं ते पत्रकावरचं आपलं नाव, जसंच्या तसं, स्वच्छ. आपण सुटलो असं त्यांना वाटलं आणि गुडघ्याची कळसुद्धा जरा कमी झाल्यासारखी वाटली.

बाई खाली उतरल्या आणि ताईंशेजारी ओट्यावर बसल्या. आवाज त्यांनी हलका केला, पण वहीवरचं पेन खाली ठेवलं नाही.

“ताई, स्कूटर रोज भिंतीला लागूनच चार्ज करत होतात?”

“रोजच. तिथे सावली असते.”

“त्या दिवशी किती वेळ लावली होती?”

“सकाळपासून. जेवल्यावर काढायची, ती विसरले.” ताई हातावरच्या पट्टीकडे बघत राहिल्या. “सासूबाई म्हणायच्या, तू एक दिवस घर पेटवशील. मी हसायचे.”

“तसं नाही म्हणत मी. पण रिपोर्टात कारण लिहावं लागतं.”

“लिहा ना. खरं तेच लिहा. विसरले मीच, दुसऱ्या कुणाचं नाव कसं घेऊ?” मग त्या साहेबांकडे वळल्या. “तुम्ही तेव्हा नीट बघितलं होतंत म्हणून ही भिंत तरी राहिली, साहेब. तुमचं काम तुम्ही केलंत. माझंच माझ्या हातून झालं नाही.”

साहेबांनी मान हलवली. काय म्हणून हलवली ते त्यांनाही कळलं नाही.

“मी जरा तोंडावर पाणी मारतो,” असं म्हणून ते घराच्या कडेने पुढे गेले. गल्लीकडच्या बाजूला काळ्या विटांची भिंत होती आणि जळक्या लाकडाचा वास अजून गेला नव्हता. तिथे मिस्त्री त्यांच्या मागोमाग आले.

“साहेब.”

“चांगलं काम केलंत, मिस्त्री. मला तर आत धाकधूक…”

“या भिंतीला नव्हती.”

साहेबांना आधी नीट कळलंच नाही. मिस्त्रींनी काळ्या विटांवर हात ठेवला होता आणि बोलताना ते हाताकडेच बघत होते.

“पट्टीचं एक भेंडोळं आणलं होतं. तीन भिंतींना पुरलं. दुकानदार म्हणाला, दुसरं आठवड्याने येईल. आभाळ भरून आलं होतं. कागद उघडा राहिला असता तर सगळी भिंत भिजली असती, आणि आत ते आजारी. मी फळ्या ठोकल्या. मनात म्हटलं, साहेब तपासायला येतीलच. ते बघतील, ‘उपसा’ म्हणतील, मग उपसू. तोवर पावसापासून तरी निभावेल.”

“तुम्ही मला सांगितलं का नाही?”

“सांगायलाच ठेवली होती की फळी.” मिस्त्रींनी वर बोट दाखवलं. वरच्या मजल्यावर खिडकीची काळी चौकट उरली होती. “या खिडकीलगतची. मुद्दाम इथली सुटी ठेवली, याच भिंतीची. तुमच्या गुडघ्याचं मला माहीत होतं, साहेब. सगळ्यांनाच माहीत आहे. म्हणून शिडीसुद्धा नको, आतल्या जिन्याने खोलीत जायचं, खिडकीतून हात बाहेर काढायचा, फळी निघाली असती. ताईंना सांगूनही ठेवलं होतं. तुम्ही खाली बघितलंत आणि तिथूनच विचारलंत, वरही असंच ना.”

“आणि तुम्ही हो म्हणालात.”

“म्हणालो.” मिस्त्रींनी बोट खाली घेतलं. “बावीस वर्षांत तुमच्यापुढे कधी खोटं बोललो नव्हतो. वाटलं होतं की माझ्या तोंडाकडे बघून तुम्हाला कळेल. तुम्ही पत्रकात खूण करत होतात. मग पाऊस आला, दुसरं काम आलं, आणि राहून गेलं. सुटी फळीसुद्धा मीच ठोकून टाकली.”

भरवशाच्या म्हशीला टोणगा, असं लोक म्हणतात. इथे दोघांनी एकमेकांचा भरवसा धरला होता. साहेबांना वाटलं मिस्त्री चुकणार नाहीत, आणि मिस्त्रींना वाटलं साहेब सोडणार नाहीत. मध्ये एक बोटभर फट राहिली आणि तिच्यातून एक माणूस गेला.

“आता काय करायचं?” मिस्त्री म्हणाले. “बाईंनी तर आहे असंच लिहून घेतलं. या भिंतीचं कुणालाच कळणार नाही. सुनेला सातवा महिना आहे, साहेब. मी आत गेलो तर घरात कमावणारं कुणी नाही. तुम्ही म्हणाल तसं.”

पुन्हा साहेबांवरच. त्यांना एकदम मिस्त्रींचा संताप आला. त्या माणसाने गप्प राहायला हवं होतं, बावीस वर्षांच्या घरोब्याला जागून तरी. पाच मिनिटांपूर्वी सगळं मिटलं होतं. बायकोने बांधलेली नाडी सोडायला संध्याकाळी घरी जायचं, एवढंच बाकी होतं. आणि मग त्यांच्या डोळ्यांपुढे ताई आल्या, ओट्यावर बसलेल्या, ‘खरं तेच लिहा’ म्हणणाऱ्या. ती बाई यापुढे रोज सकाळी उठून हेच घोकणार, मी विसरले, मी विसरले. नवऱ्याला आपण जाळलं असं समजून ती म्हातारी होणार. आणि ते तिच्या डोक्यावर ठेवून साहेब मात्र हारतुरे घेऊन निवृत्त होणार.

“मिस्त्री, तुमचं तुम्ही बघा,” साहेब म्हणाले. “तुमच्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. माझ्याबद्दल मात्र बोलतो.”

ते अंगणात परत आले तेव्हा बाई वही मिटत होत्या.

“मॅडम, वही उघडा. जबाब द्यायचाय.”

“तुमचा काय जबाब? तुमचं पत्रक आहेच की.”

“पत्रक खोटं आहे.” एकदा बोलायला लागल्यावर त्यांना थांबावंसं वाटेना. “वरचा मजला प्रत्यक्ष पाहिला अशी खूण केलीय. मी वर गेलो नव्हतो. खालची फळी पाहिली आणि खालूनच विचारून सही केली. वर पट्टी होती की नव्हती, मला माहीत नाही. मी पाहिलेलं नाही.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना राग आला होता, पण त्याहून जास्त वाईट वाटलं होतं. इथे बदलून आल्यावर त्यांना सगळ्यात आधी सांगितलं गेलं होतं ते हेच, की तपासणी शिकायची तर वीतसाहेबांबरोबर फिरा.

“का नाही गेलात?”

“गुडघा. चढवत नाही.”

“कधीपासून?”

“दोन वर्षं झाली.”

बाईंचं पेन वहीवर अडलं. त्या मनात काहीतरी जुळवत होत्या आणि ते जुळत चाललं तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. “म्हणजे दोन वर्षांतली सगळी दुमजली घरं?”

“एकेचाळीस. यादी घरी आहे. मीच काढून ठेवलीय.” हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. आग लागली त्याच आठवड्यात त्यांनी ती यादी केली होती आणि कपड्यांच्या खाली घडी करून ठेवली होती. “सगळी उघडायला लावा. लोक शिव्या देतील, देऊ द्या. आत माणसं राहतात.”

“याचा अर्थ तुम्हाला समजतोय ना? नोकरी, निवृत्तिवेतन, वर फौजदारी.”

“समजतंय. लोकांना नियम समजावण्यातच जन्म गेला माझा.”

बाई लिहीत राहिल्या. परांचीवरचा परका सुतार कटावणी हातात धरून तसाच उभा होता.

“म्हणजे गल्लीकडच्या भिंतीत पट्टी होती, असं तुम्हाला सांगता येत नाही,” बाई म्हणाल्या.

“नाही.”

“नव्हती,” मिस्त्री म्हणाले.

ते घराच्या कोपऱ्याशी उभे होते. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. पुढे होऊन त्यांनी सगळं सांगितलं, भेंडोळं, आभाळ, खिडकीलगतची फळी. सांगताना त्यांनी साहेबांना एकदाही दोष दिला नाही. मग ते मागे सरकले, जमिनीवर बसले आणि त्यांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

ताई अजून ओट्यावरच बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघायचा धीर साहेबांना होईना. ताई रडतील, शिव्या देतील, अंगावर धावून येतील, कशाचीही त्यांनी तयारी ठेवली होती.

“ते वाट बघत होते,” ताई म्हणाल्या.

कुणाला काही कळलं नाही.

“त्या दिवशी. तुम्ही येणार होतात तेव्हा.” त्यांचा आवाज अगदी साधा होता, गिऱ्हाइकाला कपडा कधी मिळेल ते सांगावं तसा. “मिस्त्री म्हणाले होते, साहेब खोलीत येतील, खिडकीतून बघतील. वर महिनोन्महिने कुणी फिरकत नव्हतं. पहिल्यांदा यायचे लोक, मग थांबले. आता पोस्टमनकडे कोण कशाला जाईल. ऑफिसातले साहेब येणार म्हटल्यावर सकाळपासून त्यांचं सुरू. बोलणं धड उमटायचं नाही, तरी दोनदा सांगितलं की निळा सदरा काढ. मी दाढी करून दिली. पलंगाशी खुर्ची ठेवली, तुमच्यासाठी. तुम्हाला ते ओळखत होते ना. तुमच्या ऑफिसचं टपाल बारा वर्षं त्यांनीच टाकलं. मग खाली तुमची गाडी सुरू झालेली ऐकू आली. मला खुणेने विचारलं, गेले? मी म्हटलं, गेले, खालूनच सगळं बघितलं असेल, घाईत असतील.”

साहेबांनी तोंड उघडलं. माफी मागायला माणूस तोंड उघडतो तसंच उघडलं, पण मागायची ती कुणाकडे, हे त्यांना सुचेना. ज्याच्याकडे मागायची तो निळा सदरा घालून वर वाट बघत बसला होता, आणि ती वेळ निघून गेली होती.

“मी ती खुर्ची दुसऱ्या दिवशी उचलायला गेले, तर नको म्हणाले,” ताई म्हणाल्या. “तिथेच होती मग. शेवटपर्यंत.”

“ताई, मी…”

“वर जाऊन या तुम्ही.”

इंजिनियर बाई मध्ये पडल्या. “अहो ताई, त्यांना चढवत नाही. आणि रिपोर्टासाठी आता गरजही नाही.”

“रिपोर्टासाठी नाही म्हणत मी.”

साहेबांनी चष्मा पुसला, खिशात ठेवला आणि ते घरात शिरले. शिवणाचं मशीन एका कोपऱ्यात चादरीखाली झाकलेलं होतं. जिना आतल्या बाजूला, सिमेंटचा, भिंतींवर काजळी धरलेली. बंबवाल्यांनी स्ट्रेचर उतरवताना लोखंडी कठडा भिंतीतून उखडला होता. तो नुसता टेकून उभा होता आणि हात लावला की हलायचा.

त्यांनी आधी चांगला पाय वर ठेवला, मग दुखरा त्याच्या शेजारी ओढला. एक पायरी. मग पुन्हा चांगला, पुन्हा दुखरा. तिसऱ्या पायरीवर कळ मांडीपर्यंत गेली. कठड्याला धरल्याशिवाय पुढे जाववेना आणि धरलं की तो सगळाच्या सगळा लटपटायचा, खिळखिळा आवाज करायचा. पाचव्या पायरीवर त्यांचा तोल गेला. त्यांनी कठडा घट्ट धरला, आता हा आपल्यासकट खाली येणार असं त्यांना वाटलं आणि त्यांनी डोळे मिटले.

कठडा हलला नाही.

त्यांनी खाली पाहिलं. जिन्याच्या तळाशी ताई उभ्या होत्या. कठड्याचा खालचा खांब त्यांनी पट्टी बांधलेल्या दोन्ही हातांनी धरला होता आणि एक पाय त्याच्या बुंध्याला लावला होता. हात दुखत असणार. ओठ दाताखाली धरलेला दिसत होता. त्या साहेबांकडे बघत नव्हत्या. साहेब वळणावर दम खायला थांबले तेव्हाही त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि वरची शेवटची पायरी चढून त्यांचे पाय दिसेनासे होईपर्यंत त्यांनी तो खांब सोडला नाही.